ळचा वाद

अक्का,

परवा साक्रीला तुझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी शोकसभा ठेवली होती. मी जळगावहून सकाळच्या एसटीने धुळ्याला उतरलो आणि तिथून तुझ्याच एका विद्यार्थ्याने मला त्याच्या गाडीतून पुढे नेलं. तुझ्या फोटोला पहिला हार मलाच घालायला लावला. मग एकेक जण बोलायला उठला. त्यातला एक आता स्वतःच मुख्याध्यापक झालाय, अर्धं डोकं पांढरं. तो म्हणाला, "आम्ही शायामां जाणारी पोरं होतो. बाईंनी आम्हाला शाळेत नेलं." सगळे हसले, आणि हसता हसता काहींनी रुमाल काढले. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू. पण परतीच्या बसमध्ये तेच वाक्य मला डाचत राहिलं.

कारण याच वाक्यावरून आपण दोघं जन्मभर भांडलो. आपल्या खेड्यातल्या बोलीत ळ नाही. ळच्या जागी य. केळीला केयी, फळाला फय, शाळेला शाया. तू पहिलीची शिक्षिका झालीस आणि नोकरीची सगळी वर्षं त्या एका यच्या मागे हात धुऊन लागलीस. पोरांच्या तोंडून तू तो काढलास, ते तुझं कामच होतं. पण तू तो आपल्या मायच्या तोंडूनही काढायला गेलीस.

तू गेलीस त्याला अजून महिना झाला नाही. भेटायला येणारे विचारतात, अक्कांची काही इच्छा राहिली होती का? मी सांगतो, नाही, सगळं व्यवस्थित झालं. पण माझी एक राहिली आहे. मायच्या बाबतीत आपलं चुकलं असं तुला कधी वाटलं का, एवढंच मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. तू सांगितलं नाहीस, आणि आता कुणाला विचारू?

गंमत म्हणजे हा जुना वाद पुन्हा उकरला गेला तो ब्राझीलमुळे.

वैशाली, तुझी एकुलती एक, केळीच्या रोपांवर संशोधन करायला तिकडे गेली आणि तिकडचाच मुलगा पसंत केल्याचं तिने कळवलं. तू आधी अबोला धरलास आणि मग एके दिवशी एकाएकी मला अमळनेरला हॉल ठरवायला पिटाळलंस. पत्रिकेत छापलं, चि. रेनातो. स्पेलिंगवरून ते नाव देवनागरीत तूच आणलंस आणि प्रुफंही तूच तपासलीस. लग्नात सगळ्या मांडवाने त्याला रेनातो, रेनातो करून हाका मारल्या. तो बिचारा मान वळवायचा नाही. आपल्या लोकांचं मत झालं की जावई चांगला आहे, पण जरा घुम्या आहे. वैशाली त्याला हेनातू म्हणायची, ते तू लाडाचं नाव समजलीस. तेच त्याचं खरं नाव आहे हे आपल्याला कळलं तेव्हा त्यांची पोरगी बोलायला लागली होती.

जुई हे तिचं नाव तू ठेवलंस. तोवर तू धुळ्याचं घर बंद करून माझ्याकडे जळगावला राहायला आली होतीस. रविवारी आपली संध्याकाळ म्हणजे त्यांची सकाळ, तेव्हा फोनवर सगळे दिसायचे. एकदा तिकडच्या आजीने नातीला हाक मारली, ती झुई अशी आली. तीही जरा मऊ, झ आणि श यांच्या मधली कुठली तरी. तुझ्या कपाळाला आठी पडली.

"असं का म्हणतात ते?"

"आई, इथे ते अक्षर असंच वाचतात," वैशाली म्हणाली.

"असंच म्हणजे कसं? नियम काय?"

वैशालीला नियम सांगता येईना. तिकडे राहून पोर्तुगीज तिच्या तोंडात बसली होती, पण नियम कुणी विचारले नव्हते. दुसऱ्या दिवशी तू मला पाटी आणायला पाठवलंस. दगडी पाटी आता मिळत नाही म्हणून मी प्लास्टिकची आणली, तर तिच्यावर पेन्सिल घसरते म्हणून तू मला पुढचा आठवडाभर ऐकवलंस. पण शिकलीस त्याच पाटीवर.

माझं आयुष्य टायपिंग इन्स्टिट्यूट चालवण्यात गेलं. अक्षर म्हणजे माझ्या लेखी बोटाची जागा, त्याच्या आवाजाशी मला घेणंदेणं नाही. तुझं नेमकं उलटं. जावयाने हौसेने तुला नमस्कार, कशा आहात, असली वाक्यं शिकवायला घेतली, तर तू त्याला थांबवलंस. अर्थ नंतर, म्हणालीस, आधी वाचता आलं पाहिजे. पहिलीच्या पोरांना शिकवायचीस तशी तू स्वतःला शिकवायला बसलीस. तिकडून आलेलं जुईचं चित्रांचं पुस्तक समोर, पाटी मांडीवर, आणि जावई फोनवर. काही महिन्यांत तू त्यांचं पान घडाघडा वाचायला लागलीस, आणि त्यातल्या एकाही शब्दाचा अर्थ तुला कळत नव्हता. जावयाला हे फार अद्भुत वाटायचं. मला वाटायचं नाही, कारण तुझ्या वर्गातली पोरं प्रमाण मराठीचं पुस्तक तसंच वाचायची.

ते नियम तू मला जेवताना ऐकवायचीस. आरने शब्द सुरू झाला की वाचायचा ह. मधे एकटा आर आला तर आपला साधा र. दोन आर शेजारी आले की पुन्हा ह. "आपल्याकडे अक्षर दुप्पट झालं की जोर वाढतो," तू म्हणालीस, "यांच्याकडे अक्षरच पळून जातं." आणि खरोखरचा एच शब्दाच्या सुरुवातीला लिहिला असेल तिथे काहीच म्हणायचं नाही, गप्प बसायचं. र लिहिला तर ह वाचायचा आणि ह लिहिला तर वाचायचाच नाही. मी म्हटलं, अक्का, हे लोक तुला बनवताहेत. मावशीला ते लिहितात टिया आणि म्हणतात चिया, कारण टीपुढे आय आला की त्याचा चि होतो. हे ऐकून मी हात टेकले, पण तुला मजा येत होती. इतकी मजा तुला निवृत्तीनंतर कशातच आलेली मी पाहिली नव्हती.

नातेवाईक येऊन सांगायचे, पाव, साबण, चावी हे शब्द मूळ त्यांचेच, अक्काला सोपं जाईल. तू त्यांच्याकडे दुर्लक्ष करायचीस. शब्द कुठून आला ते प्राध्यापकांनी बघावं, म्हणायचीस. पण एका दुपारी मी पेपर वाचत होतो आणि तू आतून हाक मारलीस, "बापू, ञ सापडला." मला वाटलं काही वस्तू सापडली. तू आयुष्यभर पोरांकडून ङ आणि ञ घोकून घेतलेस, आणि बाई, हा ञ कुठे वापरायचा असं एखाद्याने विचारलं की पुढच्या वर्गात कळेल असं सांगून वेळ मारून नेलीस. तो तुला एनच्या पुढे एच येतो तिथे सापडला होता. तू तो मला म्हणून दाखवलास. माझं तोंड काही तसं वळेना. तू मला पुन्हा पुन्हा म्हणायला लावलंस आणि दोघंही हसत सुटलो.

त्याच दिवसांत मी तुला चिडवलं होतं. आपली लिपी कशी, लिहिलं तसं वाचायचं, असं तू अभिमानाने जावयाला सांगत होतीस. फोन बंद झाल्यावर मी विचारलं, "जुई आणि जीव. दोन्हीकडे ज. आवाज एकच आहे का?" तू दोन्ही शब्द पुन्हा पुन्हा पुटपुटलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी उत्तर आलं, "ते शिकवावं लागत नाही. घरात ऐकून येतं." मी म्हटलं, "यसुद्धा घरात ऐकूनच आला होता, अक्का." तू कप उचलून आत गेलीस.

तो घरातला य. मला तो एका दिवाळीतला आठवतो. तू नवीन नोकरीवरून सुट्टीला आली होतीस, कडक इस्त्रीची साडी, मनगटावर घड्याळ. माय वाढत होती. अजून एक पोयी घे, असं काहीतरी म्हणाली. तू ताटातून वर न बघता म्हणालीस, "पोळी, माय. पो-ळी." माय आधी हसली.

"तुनी शायाना पोरेसले शिकाड. माले कसाले शिकाडस?"

पण तू थांबली नाहीस. दर सुट्टीत, दर पाहुण्यासमोर. माय मग तुझ्यासमोर शब्द निवडून बोलायला लागली. ज्यात ळ यायला हवा असे शब्द ती टाळायची. केळी हवीत का हे विचारायचं असेल तर फणी उचलून दाखवायची. हाई ले, ते दे, एवढ्यावर तिचं भागायचं. शेवटी ती तुझ्या धुळ्याच्या घरी होती. तुझ्या शेजारणींची अशी समजूत होती की म्हातारीला ऐकू येत नाही, म्हणून ती बोलत नाही. तिला सगळं ऐकू येत होतं. मी भेटायला आलो की गच्चीवर नेऊन माझ्याशी ती इतकं बोलायची की माझी परतीची बस चुकायची.

मी यावरून तुला बोललो, एकदा नव्हे. तुझं उत्तर ठरलेलं होतं, आणि ते खोटं नव्हतं, म्हणून तर आपला वाद कधी संपला नाही. धुळ्याला तू शिक्षिकेच्या ट्रेनिंगला गेलीस तेव्हा पहिल्याच आठवड्यात उभी राहून विचारलंस, "फया पुसू का?" सगळा वर्ग हसला. पुढे वर्षभर तुला मुली फया म्हणूनच हाक मारायच्या. "माझ्या पोरांना कुणी असं हसता कामा नये, बापू," तू म्हणायचीस. मी म्हणायचो, "पोरांचं ठीक. मायला कोण हसणार होतं?" तिथे तू विषय बदलायचीस.

मला राग यायचा. अजूनही येतो. आणि ज्या माणसावर राग आहे त्यानेच मला वाचायला शिकवलं, हे मी विसरू शकत नाही. आपल्या फाट्यावर एसटी थांबायची. ट्रेनिंगहून सुट्टीला आलीस की तू मला कडेवरून उतरवून बसच्या पाटीपुढे उभं करायचीस. यावल आणि अमळनेर, या दोन पाट्यांवर मी अक्षरं शिकलो. मी अमयनेर म्हणायचो. नीट म्हणेपर्यंत तू मला पायरीवर पाय ठेवू द्यायची नाहीस, आणि कंडक्टर घंटी मारत राहायचा. शाळेत मला पुस्तक हातात मिळालं तेव्हा ते आधीच वाचता येत होतं. पुढे पोटापाण्याचा धंदा अक्षरांवरच झाला. तो तुझ्यामुळे झाला, हे तुला मी कधी सांगितलं नाही, तेव्हा आज सांगतो.

आता त्या रविवारबद्दल.

तुझी विहीण खेड्यातून पुन्हा मुलाकडे राहायला आली होती. फोन लागला तेव्हा ती टेबलाशी बसून मक्याची कणसं सोलत होती. तुला तेव्हा एलच्या पुढे एच आला की काय होतं ते पक्कं करायचं होतं. नियम तुला ठाऊक होता, ल्य म्हणायचं. मक्याच्या शब्दात नेमकं तेच जोडाक्षर येतं. तू पाटीवर तो शब्द लिहून फोनसमोर धरलास आणि वैशालीला म्हणालीस, विहीणबाईंना वाचायला सांग. त्यांनी कणीस वर केलं आणि आनंदाने म्हटलं, "मियु."

तू पाटीकडे पाहिलंस. पुन्हा म्हणा, म्हणालीस. पुन्हा मियु.

मागून जावई आला. हसत होता, मनात काही वाईट नव्हतं त्याच्या. तो म्हणाला, "मिल्यु, मांय. मि-ल्यु."

ते लोक आईला मांय म्हणतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. तुला होतं, तू तो शब्द वाचला होतास. पण ऐकताना तुझ्या हातातली पेन्सिल थांबलेली मी पाहिली. वैशालीने समजावून सांगितलं की तिकडच्या खेड्यातली माणसं त्या ल्यचा सरळ य करतात, शाळा शिकलेले करत नाहीत, आणि सासूबाईंच्या या बोलण्यावरून घरात नेहमी थट्टा चालते. विहीणबाईही हसल्या. तोंडावर हात ठेवला. मग उरलेला वेळ त्या कणसाला काही म्हणाल्या नाहीत, नुसतं उचलून दाखवत राहिल्या.

फोन बंद झाल्यावर तू पाटी पदराने पुसलीस आणि देवापुढे दिवा लावायला गेलीस. मी वाट पाहत होतो. इतक्या वर्षांनी आपोआप चालून आलं होतं, मला एक शब्दही बोलावा लागला नव्हता. जेवताना मी म्हटलं, "मग, अक्का? ळचं काय?"

"दळण आणायचं राहिलंय," तू म्हणालीस. "गिरणी उद्या बंद असते."

त्यानंतर तुझी पोर्तुगीज मंदावली. रविवारी तू फोन तुझ्या खोलीत न्यायला लागलीस आणि दार लोटून घ्यायला लागलीस. आत तू आणि जुई, दोघीच. मला शब्द ऐकू यायचे नाहीत, पण चाल ओळखू यायची. तू एक म्हणायचीस, थांबायचीस, ती म्हणायची, पुन्हा तू. तुझा वर्गातला तो सूर मी लहानपणापासून ओळखतो. मला वाटलं, झालं, आता ही त्या पोरीच्या जिभेवर ळ बसवणार. आधीच ती पोर घरात एक भाषा बोलते, आईशी अर्धीमुर्धी मराठी बोलते, त्यात आता हे. एका रविवारी तू खोलीतून बाहेर आलीस तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, "निदान या पोरीला तरी सोड."

तू चष्मा पुसत माझ्याकडे बघितलंस. "तुले काय माहीत," म्हणालीस.

तुले म्हणालीस, तुला नाही. मला ते तेव्हा रागातलं वाटलं.

मग तुझा खोकला सुरू झाला आणि सगळं फार भराभर झालं. दवाखान्यात मी तुझ्याजवळ बसायचो. तोंडावर मास्क होता, बोललीस तरी अर्धं कळायचं नाही. तू एकदा खुणेने मला जवळ बोलावलंस, मी कान नेला, तर तू पाणी मागितलंस. विचारावं असं तेव्हा माझ्या फार मनात आलं होतं. पण श्वासाला धडपडणाऱ्या माणसाशी बोलीवरून कोण भांडतं? मी चमच्याने पाणी पाजलं. तू माझ्या मनगटावर हात ठेवून पडून राहिलीस. ते बरं झालं, असं आता वाटतं. तेवढं तरी माझ्याजवळ आहे.

वैशालीला वेळेवर पोचता आलं नाही. पुढच्या महिन्यात येणार आहे, पोरीला घेऊन. या रविवारी तुझ्या वेळेलाच फोन आला. उचलू की नको असं झालं होतं मला. पडद्यावर जुई एकटीच होती. तू गेल्यापासून ती कुणाशी धड बोलत नाही, असं वैशालीने सांगून ठेवलं होतं. ती माझ्याकडे बघत राहिली, मी तिच्याकडे. माझ्याजवळ तिच्याशी बोलायला कुठली भाषाच नव्हती, तुझ्याजवळ तरी नियम होते. तिच्या गालावरून पाणी यायला लागलं. मला जे सुचलं ते मी साध्या मराठीत म्हटलं, "जुई, डोळे पूस, बेटा."

तिने मान हलवली. "डोळे नही," ती म्हणाली. "डोया."

मला वाटलं, ळ तिला अजून जमत नसेल. मी सावकाश म्हटलं, "डोळे."

"नही." ळ तिने याआधी स्वच्छ म्हटला होता, ते माझ्या आत्ता लक्षात आलं. तिने रडत रडतच एक बोट वर केलं. "आजीनी माय डोया म्हणे. माले आजीनी सांगं." आजीची माय, आपली माय. एवढं बोलून ती थांबली. माझ्याकडून उत्तर येईपर्यंत ती पुढे जाणार नव्हती.

मी म्हटलं, "डोया पुस, जुई."

तिने पुसले.